नांगराच्या कारखान्यातून निघालेलं न्यूजलेटर

कंपनीचं ईमेल न्यूजलेटर कसं काढायचं, हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आज ना उद्या पडणार आहे. ऑफिसात सगळ्यात तरुण तुम्ही असलात आणि मोबाईलवर फोटो बरे एडिट करता येत असले, की हे काम तुमच्याच गळ्यात येतं. माझ्या गळ्यात आलं ते असंच.

मी मुळशी तालुक्यातल्या पौडचा. पिरंगुटच्या एका छोट्या कंपनीत काम करतो. शेतातली मोटर मोबाईलवरून चालू-बंद करता येते ना, तो स्टार्टर आम्ही बनवतो. रात्री दोनला लाईट आली तर शेतकऱ्याला बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागू नये, एवढंच त्याचं काम. एक दिवस साहेबांनी सांगितलं की आपलंही न्यूजलेटर पाहिजे, आणि ते थॉट लीडरशिपवालं पाहिजे.

मी लागलो कामाला. नवीन ऑफिसची पूजा, प्रदर्शनातला स्टॉल, साहेबांना मिळालेली ट्रॉफी, शेवटी डिस्काउंट. रंगीबेरंगी डिझाईन केलं आणि यादीतल्या सगळ्यांना पाठवून दिलं. दोन दिवसांत काही लोक अनसबस्क्राईब करून मोकळे झाले. बाकीच्यांकडून काहीच नाही. फक्त एका डीलरचा फोन आला. स्टार्टरमधल्या सिमचा रिचार्ज संपला तर शेतकऱ्याला ते कळतं कसं, हे त्या मेलमध्ये कुठे लिहिलंय का, असं तो विचारत होता. कुठेच लिहिलेलं नव्हतं. ट्रॉफीचे फोटो मात्र तीन होते.

साहेबांनी दुसरा अंक नीट जमला नाही तर हे बंद करू, असं स्पष्ट सांगितलं. म्हणून मी शोधायला बसलो, की हे काम कुणी नीट केलंय का.

आधी शब्द समजून घेऊ

थॉट लीडरशिप हा शब्द मोठा वाटतो, पण अर्थ साधा आहे. तुमच्या धंद्याबद्दल तुम्हाला जे कळलंय, ते असं सांगायचं की वाचकाने तुमचा माल घेतला नाही तरी त्याचा फायदा होईल. मग लोक तुमचं ऐकायला लागतात. जाहिरातीत कंपनी स्वतःबद्दल बोलते, इथे ती वाचकाच्या अडचणीबद्दल बोलते.

इंटरनेटवर शोधलं की ठरलेली उदाहरणं येतात. अमेरिकेतल्या जॉन डिअर या शेतीअवजारांच्या कंपनीने १८९५ मध्ये 'द फरो' नावाचं मासिक सुरू केलं, ते अजून चालू आहे. फ्रान्सच्या मिशेलिन या टायर कंपनीने १९०० मध्ये वाहनचालकांसाठी गाईड काढलं. दोन्ही चांगली उदाहरणं आहेत, पण मला आपल्याकडचं हवं होतं.

ते घरातच सापडलं. माझी आजी शाळेत शिक्षिका होती. तिच्या लोखंडी पेटीत 'स्त्री' मासिकाचे जुने अंक आहेत. लहानपणी मी त्यांतली चित्रं बघायचो. या मासिकाची सुरुवात एका नांगराच्या कारखान्याच्या माहितीपत्रकातून झाली, हे मला मोठा होईपर्यंत माहीत नव्हतं. ज्या माणसाने हे केलं त्याचं नाव शंकर वासुदेव किर्लोस्कर. लोक त्यांना शंवाकि म्हणायचे.

चित्रकार व्हायला निघालेला मुलगा

शंकररावांचा जन्म १८९१ मध्ये सोलापूरला झाला. त्यांना चित्रकलेची ओढ होती. ती शिकायला ते थेट लाहोरला गेले. तिथे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा स्टुडिओ होता. पुढे वेदांचे अभ्यासक म्हणून देशभर नाव झालेले हेच ते सातवळेकर, पण तेव्हा ते चित्रं आणि फोटो यांवर पोट भरत होते. त्यांच्या हाताखाली शंकरराव शिकले.

आता यात एक गंमत बघा. शंकररावांचे काका लक्ष्मणराव किर्लोस्कर हेसुद्धा तरुणपणी चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते. पण त्यांना काही रंग ओळखता येत नव्हते. रंगांधळेपणामुळे चित्रकला सुटली आणि ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग कडबा कापायचं यंत्र बनवलं, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या राजांनी त्यांना कुंडलजवळ माळरान दिलं. निवडुंग आणि साप यांशिवाय तिथे फारसं काही नव्हतं. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात येते.

या कारखान्यात पुतण्या शंकरराव दाखल झाले. चित्रकाराला कारखान्यात काय काम? माल विकणं आणि त्याची जाहिरात करणं. हातात ब्रश घेऊन निघालेल्या मुलाच्या वाट्याला नांगर आला.

नांगर का विकला जात नव्हता?

नांगर विकणं हे तेव्हा सोपं काम नव्हतं. लक्ष्मणरावांनी बनवलेले पहिले लोखंडी नांगर बराच काळ कुणी घेतलेच नाहीत. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. लाकडी नांगर पिढ्यानपिढ्या चालत आला होता आणि तो गावातला सुतार दुरुस्त करून द्यायचा. मग हा नवा, महाग नांगर घ्यायचा कशाला?

इथे नीट लक्ष द्या, कारण न्यूजलेटरचा सगळा प्रश्न यातच आहे. नांगरात खोट नव्हती. शेतकऱ्याच्या मनात शंका होती, आणि आमचा नांगर उत्तम आहे असं कितीही वेळा छापलं तरी ती शंका जात नाही. त्याला जमिनीबद्दल, खोल नांगरटीबद्दल, दुसऱ्या कुणाला आलेल्या अनुभवाबद्दल ऐकायचं असतं. म्हणजे आधी विचार पोचवायचा, नांगर त्याच्या मागून जातो.

१९२० मध्ये शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. आजच्या भाषेत सांगायचं तर कंपनीचं न्यूजलेटर. कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवणं, हा त्याचा उघड हेतू होता. किर्लोस्करवाडी तेव्हा आडगाव. ना मोठं शहर, ना वाचकांची वस्ती. अंक पोस्टाने जायचा आणि रेल्वेने लांबवर पोचायचा.

माहितीपत्रकाचं मासिक कसं झालं?

शंकरराव नुसत्या मालाच्या माहितीवर थांबले असते, तर आज मी त्यांच्यावर लिहीत बसलो नसतो. 'खबर' वाचणारा माणूस फक्त नांगराचं गिऱ्हाईक नाही, हे त्यांनी ओळखलं. त्याला धंदा काढायचा असतो, मुलाला शिकवायचं असतं, जगात काय चाललंय ते बघायचं असतं. म्हणून उद्योगाबद्दलचे लेख आले, कष्टाने वर आलेल्या माणसांची माहिती आली, हळूहळू कथा आणि निबंधही आले.

लाहोरला शिकलेली कलाही वाया गेली नाही. शंकरराव व्यंगचित्रं काढायचे. समाजातल्या खुळचट रूढींवर ते चित्रातून टोला हाणायचे. त्यांच्या व्यंगचित्रांचं 'टाकांच्या फेकी' नावाचं पुस्तकही आहे. लांबलचक लेख न वाचणाराही चित्र बघून हसतो आणि हसता हसता मुद्दा त्याच्या डोक्यात शिरतो. आपण मीम बघतो ते तरी दुसरं काय?

पुढे नावातला खबर हा शब्द गेला आणि नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं. १९३० मध्ये त्याच्या जोडीला 'स्त्री' आलं आणि १९३४ मध्ये तरुणांसाठी 'मनोहर'. तिन्हींच्या आद्याक्षरांतून लोकांनी किस्त्रीम असा शब्दच बनवला.

ही वाटणी मला फार महत्त्वाची वाटते. ईमेलच्या भाषेत याला सेगमेंट करणं म्हणतात, म्हणजे वाचकांचे गट पाडून ज्याला जे हवं ते त्याला पाठवणं. मी डीलर, शेतकरी, बँकवाले, अगदी आमच्या पॅकिंगचे खोके पुरवणारे, सगळ्यांना एकच मेल पाठवला होता. शंकररावांना नव्वद वर्षांपूर्वी कळलं होतं, की घरातल्या बाईचे प्रश्न वेगळे आणि कॉलेजातल्या पोराचे वेगळे. 'स्त्री'मध्ये बायकांचं शिक्षण, लग्न, नोकरी, घरातलं स्थान यांवर उघडपणे लिहिलं गेलं. ज्या काळात बाईला स्वतःच्या नावाचं पत्र येणंही अप्रूप होतं, त्या काळात दर महिन्याला तिच्यासाठी काढलेला अंक पोस्टमन घेऊन यायचा.

मत मांडायची किंमत

आता खरा अवघड भाग. शंकरराव बुद्धिवादी होते. पोथीत आहे म्हणून खरं, हे त्यांना मान्य नव्हतं. आणि हे मत त्यांनी मासिकात लपवलं नाही.

तेव्हा विनायक दामोदर सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. १९३७ पर्यंत त्यांना राजकारणात भाग घ्यायला बंदी होती. विज्ञान, जातिभेद, रूढी यांवरचे त्यांचे बरेच निबंध 'किर्लोस्कर' मासिकात छापले गेले. गाय हा उपयुक्त पशू आहे, देव नाही, हे त्यांचं मत तर आजही लोकांना झोंबतं. सावरकरांच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असो, इथे मुद्दा छापणाऱ्याचा आहे. ज्या कारखान्याचा नांगर बैल ओढणार, ज्याच्या गिऱ्हाइकाच्या गोठ्यात गाय आणि देव्हाऱ्यात पोथी, त्या कारखान्याच्या नावाचं मासिक हे छापत होतं. टीका झाली. ती होणारच होती.

आजच्या कुठल्याही मार्केटिंगवाल्याला विचारा, तो सांगेल की असं करू नका, ब्रँड सांभाळा. हे मत चुकीचंच आहे असं मी म्हणणार नाही. नोकरी सगळ्यांनाच प्यारी असते. पण कुणालाही न दुखवणारं जे काही असतं, ते कुणी जपूनही ठेवत नाही. आजीने नांगराचं माहितीपत्रक पेटीत ठेवलं नसतं. तिने 'स्त्री'चे अंक ठेवले, कारण त्यांनी तिला काहीतरी ठाम सांगितलं होतं.

शंकररावांनी धंद्याबद्दलही लिहिलं. 'यशस्वी धंद्याचा मार्ग' हे त्यांचं पुस्तक धंदा करू पाहणाऱ्या मराठी तरुणांसाठी होतं. पुढच्या काळात त्यांचा मुलगा मुकुंदराव यांनी मासिकांचं संपादन सांभाळलं. आयुष्याच्या अखेरीस शंकररावांनी 'शंवाकीय' हे आत्मचरित्र लिहिलं. १९७४ मध्ये ते आलं आणि १९७५ च्या सुरुवातीला, त्र्याऐंशीव्या वर्षी, ते गेले.

त्यांच्याकडे होतं, आपल्याकडे नाही

थोर माणसाची गोष्ट सांगताना एक चूक आपण नेहमी करतो. तो काय घेऊन उभा होता, ते सांगत नाही. शंकररावांच्या पाठीशी घरचा कारखाना होता. काका मालक होते. एखादा अंक फसला म्हणून त्यांना उद्यापासून येऊ नका असं कुणी म्हणणार नव्हतं. मला म्हणू शकतात. तुम्हालाही.

आणखी एक गोष्ट. मासिकं इतकी मोठी झाली, की अनेक वाचकांना त्यांचं नांगराशी नातंच आठवेनासं झालं. आजीलाही नव्हतं. मग कंपनीचा फायदा झाला की नाही? मी यावर बराच विचार केला. मला वाटतं झाला, पण एका महिन्यात मोजता येईल असा नाही. किर्लोस्कर हे नाव घरोघरी ओळखीचं झालं. पुढे पंप घेताना लोकांना ते नाव परकं वाटलं नसेल.

मोजण्यावरून आठवलं. शंकररावांकडे ओपन रेट नव्हता. वाचकाने पुढच्या वर्षाची वर्गणी भरली की नाही आणि पत्र लिहिलं की नाही, एवढंच त्यांना कळायचं. आपल्याकडे आकडे भरपूर आहेत, पण ते किती खरे? ओपन रेट मोजायला मेलमध्ये एक अदृश्य चित्र ठेवलेलं असतं. ते उघडलं की मेल वाचला असं धरतात. २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये अशी सोय आणली, की ती चित्रं आधीच आपोआप लोड होतात. म्हणजे माणसाने मेल बघितलाही नसेल, तरी आकड्यात तो वाचला असं दिसतं. म्हणून मी आता फक्त दोन गोष्टी बघतो. किती जणांनी उलट उत्तर दिलं, आणि किती जणांनी पुढच्या महिन्यातही आमचा मेल ठेवला.

दुसऱ्या अंकात मी काय केलं?

लगेच वापरता येईल असं थोडक्यात सांगतो.

१. एका अंकात एकच प्रश्न. दुसऱ्या अंकाचा विषय होता, सिमचा रिचार्ज संपला तर स्टार्टर काय करतो. प्रश्न डीलरचाच होता. सब्जेक्ट लाईनमध्येही तोच लिहिला.

२. वाचकांचे गट. डीलरना वेगळा मेल, शेतकऱ्यांना वेगळा. खोके पुरवणाऱ्यांना काहीच नाही. ज्यांनी स्वतःहून होकार दिला नव्हता, त्यांना यादीतून काढलं.

३. हलका मेल. ताम्हिणीच्या बाजूला, मुळशी धरणाच्या पुढे गेलात की रेंज येते-जाते. तिथे जड चित्रांचा मेल उघडतच नाही. शिवाय मेलचा कोड १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल मेल मध्येच कापतं आणि उरलेला भाग बघायला वेगळी लिंक देतं. म्हणून एकच चित्र आणि बाकी सगळा साधा मजकूर.

४. बाहेर पडायचं दार उघडं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तिन्ही सेटिंग हवीत, जेणेकरून मेल खरंच तुमच्याच कंपनीकडून आलाय हे सिद्ध होतं. जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकमध्ये अनसबस्क्राईब करता आलं पाहिजे. आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांपर्यंत पोचता कामा नयेत. आम्ही इतके मेल पाठवत नाही, तरी मी हे सगळं करून घेतलं. जाणाऱ्याला जाऊ दिलं नाही तर तो स्पॅमचं बटण दाबतो, आणि मग राहिलेल्यांपर्यंतही मेल पोचत नाही.

५. एक ठाम मत. हे सगळ्यात अवघड गेलं. शेतावर रेंज नसेल, तर आमचा स्टार्टर घेऊ नका, असं मी लिहिलं. आधी त्या जागेवर फोन करून बघा, मग पैसे घाला.

या शेवटच्या परिच्छेदावर साहेब अडले. आपणच आपलं गिऱ्हाईक परत पाठवायचं का, असा त्यांचा प्रश्न होता, आणि पगार तेच देतात म्हटल्यावर तो प्रश्न रास्तच होता. मी त्यांना लोखंडी नांगराची आणि न विकल्या गेलेल्या मालाची गोष्ट सांगितली. आजीच्या पेटीतले दोन अंक टेबलावर ठेवले. त्यांनी ते चाळले. त्यांच्या आईकडेही 'स्त्री' यायचं, हे त्यांना आठवलं. परिच्छेद राहिला. ट्रॉफीचा फोटोही राहिला, पण सगळ्यात खाली आणि छोटा.

मेल गेला. चमत्कार वगैरे काही झाला नाही. काही जणांनी उलट लिहिलं. त्यातल्या एका शेतकऱ्याने विचारलं होतं की रेंज विहिरीवर नाही, पण बांधावर आहे, मग अँटेना लांब लावून चालेल का. आमच्या टेक्निशियनने त्याचं उत्तर शोधायला दोन दिवस घेतले.

तिसऱ्या अंकाचा विषय तोच आहे.